पेरिनामावशीचा उंबरा

तो माणूस तिसऱ्या दिवशीही आला, तेव्हा दोब्रिलाच्या मनात शंकेची पाल चांगली मोठ्याने चुकचुकली.

एकदा तर सगळेच येतात. दुसऱ्यांदा एखादा विसरलेली टोपी मागायला येतो. पण त्याच गल्ल्या, तेच खांब, तीच गाईडबाई, आणि पंचवीस युरो भरून तिसऱ्यांदा? करडा सदरा, टाचा झिजलेले बूट, हातात काळी वही. प्रश्न एकही नाही. बरं, नमस्कार केला तो आपल्या बोलीत, म्हणजे परदेशी पाहुणाही नाही. आमच्या या स्प्लिट शहरातलाच माणूस पैसे भरून स्प्लिट बघायला निघाला, असं आमच्याकडे कुणाला कळलं तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील.

दोब्रिलाचा संशय तसा जन्मजात. मासळीवालीच्या तराजूवर तिचा संशय, हवामान सांगणाऱ्या पोरीवर संशय, सख्ख्या बहिणीने केक शिकवला तर त्यात एक जिन्नस मुद्दाम गाळला असणार, हा संशय. कॉफी प्यायला बसली की पाठ भिंतीला आणि डोळे चौकावर. अठ्ठावन्न वर्षांची बाई, परीक्षा देऊन परवाना मिळवलेली गाईड, गळ्यात ओळखपत्र, पायात सपाट चपला. एका वेळी सहाच माणसं घेणार. सातवा कितीही गयावया करू दे, नाही म्हणजे नाही.

तिच्याशी स्पर्धा होती ती छत्रीवाल्यांची, म्हणजे छत्री उंच धरून पाहुण्यांचे घोळके फिरवणाऱ्यांची. आमच्या राजवाड्यात, म्हणजे रोमन बादशहाने बांधलेल्या आणि तो मेल्यावर लोकांनी आत बिऱ्हाडं थाटलेल्या त्या चार भिंतींत, सकाळी नऊ वाजता छत्र्या उगवतात. त्यातली पिवळी छत्री योश्कोची. त्याची फेरी फुकट. चाळीस माणसं मागे, शेवटी टोपी फिरवायची. या तळघरात बादशहाने सिंह पाळले होते, या खांबाला हात लावला की तीन वर्षांत लग्न होतं, असलं काय वाट्टेल ते तो ठोकून देतो. पाहुणे विचारात पडत. फुकट जावं, की या कडक बाईला पंचवीस द्यावेत? मग विचारत, तुम्हालाच का निवडायचं?

"तो गोष्टी सांगतो," दोब्रिला म्हणे. "मी फक्त खरं सांगते. ज्याला गोष्टी हव्यात त्याने पिवळ्या छत्रीमागे जावं."

एवढ्यावर लोक तिच्याकडे येत. गावातही तिचं तेवढंच नाव होतं. तोंडाने फटकळ, स्वभावाने संशयी, पण दोब्रिला खोटं बोलायची नाही.

त्या दिवशी तिने पाच पाहुणे आणि तो वहीवाला, असे सहा मोजले आणि चालायला लागली. एकीकडे माहिती सांगत होती, दुसरीकडे डोकं वहीवाल्याभोवती फिरत होतं. परवाना तपासणारा असेल? मग ओळखपत्र का नाही मागत? की मोबाइलवर गाईडविना शहर दाखवणाऱ्या कुठल्या कंपनीचा माणूस? माझं बोलणं उतरवून घेईल आणि उद्या एखादं यंत्र माझ्याच शब्दांत बोलायला लागेल. तिने त्याला पारखायचं ठरवलं. देवळाच्या पायऱ्यांवर जाणूनबुजून एक साल चुकीचं सांगितलं. त्याने वहीत काहीच लिहिलं नाही. पाच मिनिटांनी तिने साल दुरुस्त केलं. तरी नाही. मग हा लिहितो तरी काय?

चौकात योश्को भेटला. छत्री काखेत, तोंडात सँडविच.

"काय मास्तरीणबाई, आज पाहुणे झोपले नाहीत अजून?"

"तुझ्या सिंहांनी किती खाल्ले आज?"

"सिंह उपाशी आहेत. तुमच्या घराण्यातलं कुणी देता का?" एवढं बोलून त्याने मान हलवली. "त्या करड्या सदऱ्याला ओळखता का हो? परवा माझ्या मागेही आला होता. टोपीत दहाची नोट टाकली. एवढा पैसा टाकणारा माणूस सरळ नसतो."

दोब्रिलाला योश्कोचाही संशय होता, आणि तो साधासुधा नव्हता. त्यासाठी पेरिनामावशीचं सांगायला हवं.

पेरिनामावशी एक्याऐंशी वर्षांची. दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील अशा गल्लीत तिचं तळमजल्यावरचं घर. दोब्रिला त्याच गल्लीत वाढली, आई कामावर गेली की मावशीकडेच जेवायची. गेल्या ऑक्टोबरात मावशी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि चाकाची खुर्ची आली. खुर्ची घरभर फिरे, पण दाराशी येऊन थांबे. कारण उंबरा. गुडघाभर उंच, अखंड दगडाचा, मधोमध खाच पडलेला. फळी टाकून उतार करावा तर गल्ली एवढी अरुंद की घसरगुंडीच व्हायची. दोनदा शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून तिला बाहेर नेलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" आणि त्यानंतर ती बाहेर आलीच नाही. सात महिने झाले. उंबरा कापायचा एवढंच काम होतं, गवंडी अर्ध्या दिवसात करून देतो म्हणाला होता. पण राजवाड्यातला खडासुद्धा जुन्या वास्तूंच्या खात्याला विचारल्याशिवाय हलवता येत नाही. भाच्याने अर्ज केला. फेब्रुवारीत उत्तर आलं.

"नाही म्हणाले," मावशी म्हणाली आणि पत्र खणात ठेवलं.

"पण का? दाखव बघू."

"सरकारी भाषा आहे गं. राहू दे. कॉफी घे."

दोब्रिलाने मनातल्या मनात खटला चालवून निकालही दिला. योश्कोचा चुलतभाऊ पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतो. मावशीच्या घरावर त्याचा डोळा आहे. म्हातारी कंटाळून भाच्याकडे गेली की घर याच्या घशात. म्हणजे खात्यात कुणालातरी यानेच गाठलं असणार. तेव्हापासून ती योश्कोच्या नमस्कारालाही टोमण्यानेच उत्तर देत असे.

कारंज्यापाशी पाहुणे पाणी प्यायला थांबले, तेव्हा वहीवाला तिच्याजवळ आला.

"बाई, दोन मिनिटं मिळतील?"

"चालताना मी खाजगी बोलत नाही आणि थांबले की दमलेली असते. कोण आहात तुम्ही?"

"विदोविच. जुन्या वास्तूंच्या खात्यातून आलोय." त्याने ओळखपत्र दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटलं, फोटो ताडून पाहिला आणि मगच परत दिलं. "पेरिनाबाईंच्या उंबऱ्याचं प्रकरण माझ्याकडे आलंय. माझ्या आधीच्या माणसाने नकार दिला होता. मी जागा बघायला गेलो, खिडकीत बाई दिसल्या, आणि मला काही झोप लागेना. म्हणून फाइल पुन्हा उघडली."

"नकार कशासाठी दिला होता?" दोब्रिलाने लगेच विचारलं. "कुणी सांगितलं होतं द्यायला?"

"त्या खाचेसाठी. प्लेगच्या नवरीची खाच. पत्रात लिहिलंय की सगळं."

दोब्रिलाने पाहुण्यांकडे पाठ केली.

"दगड काही फार जुना नाही," विदोविच सांगत होता. "कापायला हरकत नव्हती. पण ही गोष्ट पर्यटकांच्या पुस्तिकेत आहे, फ्रिजला लावायच्या चुंबकांवर आहे, कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानाला तिचंच नाव आहे. म्हणून मूळ शोधत बसलो. कागदपत्रांत काही नाही. सगळे छत्रीवाले एकमेकांचं ऐकून सांगतात. सगळ्यात जुनी नोंद एका पुस्तिकेत सापडली, आणि तिच्यात खाली बारीक अक्षरांत तुमचं नाव. तीन दिवस ऐकतोय. बाकी सगळीकडे तुम्ही सांगता की हे कुठे लिहिलंय, कुणी लिहिलंय. तिथे नाही सांगत. तेवढंच लिहून घेतलंय मी. कुठे मिळाली तुम्हाला ही गोष्ट?"

आता आपण खरं काय ते सांगून टाकू. ती दोब्रिलाला कुठेच मिळाली नव्हती.

नव्वदच्या दशकातलं युद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हाची गोष्ट. गावात पाहुणे औषधालाही नव्हते. दोब्रिलाकडे नवाकोरा परवाना, पाठ केलेली शंभर सालं, आणि मागे फक्त तीन माणसं. तीही जांभया देत होती. मावशीच्या दाराशी आल्यावर त्यातली एक बाई घड्याळ बघून निघालीच. तेव्हा दोब्रिलाच्या तोंडून निघून गेलं, की ही खाच बघा. प्लेगच्या वर्षी नव्या नवरीला या घरात कोंडलं होतं, नवरा बाहेरून टोपलीत पाव ठेवी, ती दोराने टोपली आत ओढी, चाळीस दिवस, आणि दोराने दगड झिजला. ती बाई परत फिरली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी दोब्रिलाने तेच पुन्हा सांगितलं, म्हटलं, उद्यापासून नाही. तो उद्या अठ्ठावीस वर्षांत उजाडला नाही. आणि चाळीस दिवसांत दोराने दगड कसा झिजेल, हे इतक्या वर्षांत एकाही शहाण्याने विचारलं नाही.

"पेरिनामावशीला विचारलंत का?" तिने अडखळत विचारलं.

"आधी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, दोब्रिलाला विचारा, ती शिकलेली आहे. ती म्हणेल ते खरं." विदोविचने वही उघडली. "शुक्रवारी मला निर्णय द्यायचाय. गोष्टीला आधार असेल तर दगडाला हात लावता येणार नाही. नसेल तर सोमवारी गवंडी येईल."

दोब्रिलाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. हा सापळा तर नसेल? कबूल करायचं आणि उद्या परवाना गेला तर? पाहुणे, गाव, योश्को, सगळे काय म्हणतील? एक जुनी वही होती, तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेली, असं सांगता येईल. वाक्य जिभेवर तयार होतं. एकदा जमलं होतं, पुन्हा जमलं असतं.

"चला," ती म्हणाली. "पाहुणे खोळंबलेत."

त्या गल्लीत ऊन दिवसातून अर्धा तासच येतं, दुपारी बारा ते साडेबारा. सगळे पोहोचले तेव्हा उन्हाची पट्टी उंबऱ्यावरून आत घरात जेमतेम वीतभर गेली होती. दार उघडं होतं. मावशी खुर्ची अगदी दगडाला भिडवून बसली होती, आणि सपाता काढून तिने दोन्ही पावलं त्या वीतभर उन्हात ठेवली होती. पावलं पांढरी फटक पडली होती. हीच बाई कधीकाळी दोब्रिलाला पोहायला शिकवताना किनाऱ्यावरून अनवाणी धावायची.

मागून पिवळी छत्रीही आली. योश्को आपल्या कळपाला थोपवून धरत, आपली पाळी येण्याची वाट बघत उभा राहिला. दोब्रिलाने त्याला पाहिलं. परत जायचीही सोय उरली नाही.

"ही खाच," ती म्हणाली, आणि दगडाकडे बोट केलं. "या खाचेची गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती खोटी आहे. प्लेग, नवरी, दोर, काही घडलं नव्हतं. ती गोष्ट मी रचली. मीच. तरुण होते, लोक निघून चालले होते, मला ते सहन झालं नाही. यापुढे कुणी ती सांगितली तर विश्वास ठेवू नका."

ग्राझहून आलेली एक बाई म्हणाली, "पण आम्ही तुम्हाला निवडलं ते याचसाठी ना? तुम्ही खरं सांगता म्हणून?"

"हो," दोब्रिला म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं उशीर झाला."

त्या बाईने नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं गल्लीबाहेर चालती झाली. बाकीचेही एकेक करून पांगले. जाताना एकाने उंबऱ्याचा फोटो काढायला मोबाइल वर केला आणि तसाच खाली केला.

योश्कोने छत्री मिटली. "देवा रे," तो म्हणाला. "आणि मला म्हणत होतात सिंहवाला." पण त्यात नेहमीची खोच नव्हती. त्याने आपल्या लोकांना दुसऱ्या गल्लीत वळवलं. जाताजाता मागे वळून म्हणाला, "सोमवारी गवंड्याला दगड उचलायला माणूस लागला तर सांगा."

विदोविचने दोन ओळी लिहिल्या, वही पुढे केली. दोब्रिलाने नेहमीप्रमाणे दोनदा वाचून मग सही केली. तो मावशीपुढे मान लववून निघून गेला.

गल्लीत दोघीच उरल्या. दोब्रिलाला वर बघवेना. फेब्रुवारीपासून ती दुसऱ्यांकडे बोट दाखवत हिंडली होती. ती उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर बसली.

"मावशी, तुला ठाऊक होतं?"

"उंबरा माझा आहे गं. ती खाच सासऱ्यांच्या दारूच्या पिंपांनी पाडली. लग्न होऊन आले तेव्हा रोज पहाटे गडगडगडगड. कान किटायचे."

"आणि त्या पत्रात काय लिहिलंय, तेही माहीत होतं?"

"वाचता येतं मला."

"मग एका शब्दाने बोलली का नाहीस? त्या माणसाला सांगायचं होतंस. सात महिने बसून राहिलीस इथे, मावशी. माझ्यामुळे."

पेरिनामावशीने पावलं आत ओढून घेतली. ऊन सरकलं होतं.

"माझं काय," ती म्हणाली, "मी घरातच असते. तुला रोज रस्त्यावर उभं राहायचं असतं, पोरी."