‘कळवतो’चा पहारा

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण, हयातभर हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीमागे बसल्या. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला काय होतंय आणि तो काय लपवतोय, हे त्यांना कळायचं. त्या रिटायर झाल्या, नजर काही रिटायर झाली नाही. त्या दिवशी घरात पाऊल टाकलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाळ्या कुठंय?"

बाळ्या म्हणजे आमचे हे. लष्करात गाड्यांच्या तुकडीत हवालदार होते. मिशीला पीळ, आवाजात जरब, पण बहिणीपुढे बाळ्याच.

"बाहेरच्या खोलीत, फोनपाशी."

"अजून?"

काय सांगू! लष्करातून सुटून आल्यावर हे एका कारखान्यात मुलाखतीला गेले होते. तिथले मॅनेजर गोड बोलले, हात मिळवला आणि "कळवतो" म्हणाले. झालं! तेव्हापासून रोज सकाळी दाढी करून, बुटांना पॉलिश करून हे फोनसमोर हजर. महिना उलटला. मधे एका अँब्युलन्स सेवेकडून बोलावणं आलं. गाड्यांची देखभाल बघायला माणूस हवा होता, तेही घरापासून हाकेच्या अंतरावर. हे गेले नाहीत. लांबच्या शहरात एका सोबत्याने वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती. काहीच जमलं नाही तर तिकडे जातो, म्हणत होते.

माझा अर्धा संसार सुट्ट्यांवर झालाय. लेक आत्ता कुठे बापाशी भांडायला लागली होती. देवापुढे दिवा लावताना मी एवढंच म्हणायची, नोकरी लहान दे, पण घराजवळ दे.

वन्संनी खुर्ची ओढली. "बाळ्या, अरे ‘कळवतो’ म्हणजे ‘नाही’. तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही म्हणून तसं म्हणतात."

"असं कसं, ताई? नाही तर नाही म्हणावं. ते कळवतो म्हणाले, मी थांबतो म्हणालो."

"आणि अँब्युलन्सवाले?"

"पहाऱ्यावरचा माणूस बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाही."

"अरे, पण तुला पहाऱ्यावर नेमलं कुणी?"

ह्यांनी फोन पुसून पुन्हा जागेवर ठेवला. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. वन्संनी मात्र वाद घातला नाही. आयुष्यभर त्यांनी खिडकीपुढे ताटकळणारे नातेवाईक पाहिले होते. ‘आता घरी जा’ असं कुणीतरी सांगितल्याशिवाय ती माणसं हलत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "बूट घातलेलेच आहेत. चल गं, तूसुद्धा."

कारखान्यात मॅनेजरसाहेबांना आधी ओळख पटेना. मग म्हणाले, "हां, हां! तुम्हाला मी कळवतो म्हणालो होतो, नाही का? अजून जरा..."

"साहेब, जागा भरली का?" वन्संनी विचारलं.

साहेब पेनाचं टोपण काढघाल करू लागले. "तशी... भरली."

"मग तेवढं ह्याला स्पष्ट सांगा. हा तुमच्या शब्दावर पहारा देतोय."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे सावधानमध्ये उभे. साहेब काय समजायचं ते समजले. हातातलं पेन ठेवून तेही उभे राहिले. "माफ करा. ती जागा तुम्हाला देता येत नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"ठीक आहे, सर. जाऊ?"

"या."

बाहेर आल्यावर महिनाभर ताठलेले ह्यांचे खांदे खाली आले. "सभ्य माणूस आहे," म्हणाले. वन्संनी कपाळावर हात मारला आणि आम्हाला तशाच अँब्युलन्सच्या ऑफिसात घेऊन गेल्या.

तिथल्या मुख्य बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "बोलावलं तेव्हा का नाही आलात?"

"त्याची तब्येत जरा..." वन्संनी सुरुवात केली.

"तब्येत ठणठणीत होती," हे म्हणाले. "मोकळा नव्हतो. एका ठिकाणी शब्दात अडकलो होतो. आत्ताच सुटलो, थेट इकडे आलो."

मनातल्या मनात मी देवाचा धावा केला. बाईंनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "आमची माणसं बदली यायच्या आधीच घरी पळतात हो. ऐन वेळी गाडी असते, पण चावी कुणाकडे ते कळत नाही. उद्यापासून याल?"

ह्यांनी विचारलं, "नक्की? की कळवणार?"

वन्संनी कोपर मारलं, पण बाई हसल्या. "नक्की."

ही गोष्ट ह्यांच्या सोबत्यांत पसरली आणि आता वन्संच्या व्हरांड्यात लष्करातून सुटलेले आणखी कितीतरी जण सल्ल्याला येतात. कुणी काम शोधतोय, कुणी हुकुमाची वाट बघतोय. वन्सं एकेकाला दम भरतात, "दोन दिवस थांबायचं, मग आपणच फोन करून विचारायचं!"

आणि आमचे हे? संध्याकाळी बदली उशिरा आला की अजूनही गाड्यांजवळून हलत नाहीत. मी ताट झाकून ठेवते. तेवढ्यात फोन वाजतो.

"बदली आला नाही. उशीर होईल, म्हणून कळवतोय."

"कळलं," मी म्हणते आणि लेकीला वाढायला घेते.