फाटलेला सूर ठेवला

आमच्या पारोळ्याकडच्या गावात डफावर वही नावाची लोकगाणी गातात. मी तिथल्या फडात झीलकरी होतो. पुढचा गायक ओळ म्हणायचा आणि मागे आम्ही दोघं सूर धरून ठेवायचो. एकाचा दम संपत आला की तो सोडायचा, दुसरा उचलायचा. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. माझा जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर मी फडात उभा राहिलो नाही. बोलावलं तरी गेलो नाही.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. माझी मुलगी धुळ्याला असते, कॉम्प्युटरवर संगीत बनवते. ती माइक घेऊन आली. मी नाही म्हणालो. मला यंत्रात बसायचं नव्हतं. ती चार दिवस बोलली नाही, पण गेलीही नाही. शेवटी मीच विचारलं, हे करतात कसं?

तिनं सांगितलं. आवाज म्हणजे लाटा. लांब सुरातून बारीक बारीक लाटा कापायच्या, ओळीनं मांडायच्या. त्याला वेव्हटेबल म्हणतात. मग कीबोर्डची पट्टी दाबली की कॉम्प्युटर पहिल्या लाटेपासून शेवटच्या लाटेपर्यंत सरकत जातो, आणि आपलाच आवाज निघतो. त्यासाठी एकच सूर सरळ धरायचा.

मी कानावर हात ठेवून सूर लावला. तिनं पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा, पुन्हा.

"आबा, मधीच काबर थांबतस?"

मी थांबतो हे मला ठाऊकच नव्हतं. दम शिल्लक असायचा आणि मी सोडून द्यायचो. दुसरा उचलेल म्हणून.

पाणी प्यालो. मग एकट्यानं धरला, पार शेवटपर्यंत. शेवटी आवाज चिरकला. ती स्क्रीनवर तेवढा भाग पुसायला निघाली. म्हणाली, इथं फाटलाय, चांगल्या लाटा बऱ्याच आहेत.

"फाटू दे. तो बी मनाच शे."

तोही माझाच म्हटल्यावर तिनं ठेवला.

ऑपरेशन झालं. आता मी पाटीवर लिहून बोलतो, आणि माझं अक्षर कोणाला लागत नाही. परवा ती कीबोर्ड घेऊन आली, म्हणाली, दाबा. मी पट्टी दाबून धरली. सुरुवातीचा सूर गुळगुळीत, कोणाचाही वाटावा असा. मला राग आला. बोट उचलणारच होतो, तेवढ्यात लाटा सरकत फाटक्या भागावर गेल्या.

आत माझी बायको भाकरी थापत होती. तिथून ओ आली.

"काय म्हणतस?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बायको पिठाच्या हातानं दारात आली. माझं बोट पट्टीवर होतं, आवाज चालूच होता. तिनं माझ्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. मग माझ्याजवळ खाली बसली. मी बोट उचललं नाही.