शिलाईच्या काकू आणि घराची खोली

काकू आमच्याकडे खोट्या पेशंट होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मी ज्या हॉस्पिटलात शिपाई आहे तिथे नव्या डॉक्टरांना म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला शिकवतात. त्यासाठी तीन खोल्या ठेवल्यात: एक वॉर्डची, एक घराची, एक वृद्धाश्रमाची. म्हातारं माणूस तिन्हीकडे वेगळं वागतं, तेव्हा डॉक्टरला तिन्हीकडे बघता आलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. घराच्या खोलीत पलंग, दोन खुर्च्या, कपाट आणि ओटा आहे. ओट्यावर शेगडी आहे, पण तिला गॅस नाही. नळ आहे, त्याला पाणी नाही. ते सगळं मीच बसवलंय आणि रोज पुसतोही मीच.

काकूंनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. नवरा गेला, दुकान बंद केलं, मुलगा दूर नोकरीला. घर खायला उठायला लागलं तेव्हा त्या आमच्याकडे आल्या आणि अकरा वर्षं त्यांनी विसराळू आजीचं काम केलं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायच्या, त्याच गोळ्या दोनदा काढायच्या, डॉक्टरला म्हणायच्या, "तू आमच्या धाकटीचा नवरा ना?" मी त्यांचा मुलगा व्हायचो. माझं काम एवढंच, की डॉक्टरला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, "हिला काही कळत नाही हो. कुठेतरी ठेवून टाका." जो माझ्याशीच बोलत बसला तो नापास. जो वळून काकूंना विचारेल, "तुम्हाला काय हवंय?", तो पास.

धडा संपला की काकू ताठ बसायच्या आणि एकेकाची हजेरी घ्यायच्या. "माझ्याकडे किती वेळा बघितलंस? दोनदा. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी त्याच्या भावाच्या अंगावर माप घेतलं असतं का रे?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "घर बघितल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाबद्दल सही करायची नाही."

या सगळ्यांत काकूंचा जीव एका मुलीवर होता. तिला त्या गुणी म्हणायच्या, म्हणून मीही मनात गुणीच म्हणतो. पहिल्या दिवशी ती माझ्या दटावणीला घाबरून रडली होती. मग महिनाभर काकू धडा संपल्यावर तिच्यासाठी थांबल्या. खाली स्टुलावर बसायचं म्हणजे आपले डोळे म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर जात नाहीत, उत्तर यायला उशीर लागला तरी मधे बोलायचं नाही, हे सगळं त्यांनी तिला गिरवून घेतलं. मला गप्प करणारी पहिली डॉक्टर तीच. "थांबा, आधी मला आईंना विचारू द्या," असं म्हणाली, आणि खोटा मुलगा असूनही मी खरा ओशाळलो. पुढे तीच या विभागाची प्रमुख झाली. त्या दिवशी काकूंनी अख्ख्या विभागाला चहा पाजला.

गेल्या वर्षी काकू न्हाणीघरात पडल्या. डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं आणि खऱ्या वॉर्डात खऱ्या पेशंट म्हणून त्यांना ठेवलं. मुलगा आठवड्याची रजा टाकून आला. आल्या आल्या गुणीला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला काही कळत नाही आता. एकटी कशी राहणार? कुठेतरी व्यवस्था करा." अगदी माझीच वाक्यं. मला वाटलं, याने शिकवणी कुठे लावली.

काकूंचं म्हणणं एकच होतं, मला माझ्या घरी जायचंय. नियमाप्रमाणे स्मरणाची चाचणी घेतली. नवख्या डॉक्टरने प्रश्न विचारायच्या आत काकूंनी उत्तरं दिली. शंभरातून सात सात वजा करत दोनापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता घड्याळ काढायला सांगशील. कागद दे." गुणीला हसू आवरेना. म्हणाली, "काकू, तुमची ही चाचणी काय धरायची? तुम्हाला सगळी पाठ. मी तुमच्या घरी येते, तुम्ही कशा वावरता ते बघते, मग तुम्ही मोकळ्या."

काकू खूश झाल्या. "ये की. चावी शेजारणीकडे आहे."

दोन दिवसांनी सकाळी गुणी माझ्याकडे आली. "घराची खोली उघडता का? काकूंना तिथेच बघून घेते. त्यांच्या घरी जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो." मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मूग गिळून किल्ली लावली, वर ओट्यावरून फडकं फिरवलं.

काकू आत आल्या, बरोबर फॉर्म घेतलेले तीन नवे डॉक्टर. काकूंनी चारी बाजूंना बघितलं. "अगं, हे कुठे माझं घर?"

"माहितीये काकू. फक्त चहा करून दाखवा, झालं."

काकूंनी एका हाताने पातेलं घेतलं, कोरड्या नळाखाली धरलं, शेगडीवर ठेवलं, बटण फिरवलं. ओट्याला टेकून थोडं थांबल्या. मग रिकामं पातेलं रिकाम्या कपात ओतून कप माझ्यासमोर धरला. "घे रे, साखर कमी टाकलीये तुझी." सगळे हसले. मीही हसलो. शेगडीचं बटण तसंच राहिलं. बंद कशाला करायचं होतं? गॅसच नव्हता.

फाईल वॉर्डातून कार्यालयात न्यायचं काम माझं. जाता जाता वाचायची मला वाईट खोड आहे. तपासणीचं ठिकाण: रुग्णाचे राहते घर. निरीक्षण: शेगडी चालू सोडली. निष्कर्ष: एकटे राहणे सुरक्षित नाही. खाली गुणीची सही, झोकदार.

मी फाईल घेऊन तसाच तिच्या दारात उभा राहिलो. "मॅडम, ती शेगडी नकली आहे."

"माहितीये मला."

"मग?"

तिने पेन खाली ठेवलं. "मुलगा स्वतःकडे न्यायला तयार नाही, एकटं सोडायलाही तयार नाही. उद्या त्या पुन्हा पडल्या तर मान माझी अडकेल. तुम्हाला वाटतं मला बरं वाटतंय?" तिचे डोळे भरले होते. रडणाऱ्या माणसाची मला एरवी दया येते. त्या दिवशी आली नाही.

मी काकूंना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. "तू नीट वाचलं नसशील. ती असं करणार नाही." मग मी शब्दन् शब्द सांगितला, दोनदा.

"घर असं लिहिलंय?"

"राहतं घर."

त्यांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "केसाने गळा कापला रे पोरीने." आवाज चढवला नाही. त्या ओरडल्या असत्या तर तेही कागदावर आलं असतं, चिडचिड वाढली आहे म्हणून. इतकी वर्षं विसराळू आजी करणाऱ्या बाईला हे आणखी कोणी सांगायला नको होतं. मुलाला फक्त म्हणाल्या, "मला घरी जायचंय." मुलाने वृद्धाश्रमाचा कागद सहीसाठी पुढे केला.

कपडे आणायला मुलाबरोबर मी गेलो. दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. ओट्याखाली वाकून बघितलं तर सिलिंडर बंद. शेजारणीला विचारलं, तुम्ही केला का? ती म्हणाली, "मी कशाला? त्यांनी हाक मारली आणि मी धावत आले, तेव्हा बंदच होता. हात लोंबत होता बाईचा, पण आधी गॅस बंद केला म्हणाल्या, मग हाक मारली." मी मुलाकडे बघितलं. तो फोनवर टेम्पोवाल्याशी बोलत होता.

काकूंना वृद्धाश्रमात ठेवून दोन महिने झाले तेव्हा गुणी नव्या डॉक्टरांना घेऊन तिथे गेली. सामानाची पिशवी घेऊन मी मागे होतोच. खोलीत सहा पलंग, काकूंचा दाराजवळचा. गुणीने स्टूल ओढलं, खाली बसली, काकूंचा हात हातात घेतला, अगदी शिकवल्याप्रमाणे. "मी जे काही शिकले ते या काकूंकडून," ती मुलांना म्हणाली. "काकू, तुम्हीच सांगा यांना, म्हाताऱ्या माणसाला कसं तपासायचं."

काकूंनी हात सोडवून घेतला. "सांगते की. या मॅडमनी माझं घर तपासलंय, तसं लिहून दिलंय. यांना विचारा, माझ्या दाराचा रंग कोणता."

मागे उभा असलेला एक नवा डॉक्टर बिचारा सरळ स्वभावाचा. त्याला वाटलं, हा धड्याचाच भाग आहे. त्याने वही उघडली आणि विचारलं, "कोणता, मॅडम?"

गुणी उठली आणि सगळ्यांना घेऊन पुढच्या पलंगाकडे गेली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. काकूंच्या मुलाने गेल्या महिन्यात त्यांचं घर भाड्याने दिलं आणि ते आईला सांगायचं काम माझ्या गळ्यात मारलं. "तुमचं ऐकते ती," म्हणाला. मी दर रविवारी जातो. काकू दर वेळी विचारतात, "घर झाडून घेतोस ना रे?" मी हो म्हणतो.