सोवळ्यातला ताप

प्लेगपुढे सगळे सारखे, अशी म्युनिसिपालिटीने दवंडी दिली होती. तपासणीला येणारे इन्स्पेक्टर मात्र आमच्या आळीत उंबऱ्याबाहेर बूट काढीत.

त्या सकाळी शेजारच्या यमुनाकाकूंनी तापाने फणफणलेल्या काकांना कद नेसवून देवासमोर भिंतीला टेकवून बसवले. काखेत गाठ सापडली की माणसाला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेत, आणि तिथून परत आलेला कोणी आमच्या पाहण्यात नव्हता.

“जरा काख बघू द्या, काकू.”

“शिवाल तर खबरदार! सोवळ्यात आहेत ते.”

“मग थांबतो. पूजा किती वेळ चालेल?”

“देवाला घाई नसते. तुम्हाला असेल तर या आता.”

मी दारातून पाहत होतो. काकांच्या हातातली पळी ताम्हनावर थडथडत होती. तो आवाज ऐकू जाऊ नये म्हणून काकू जोरजोरात घंटा वाजवीत होत्या. सोवळे म्हटले की माणूस चार हात लांब थांबतो. तापाला ही रीत कोणी शिकवावी?

इन्स्पेक्टरांनी लांबूनच देवाला हात जोडले आणि वहीत लिहिले, ‘घरात रोगी नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खरे झाले.