एक जुलै नामंजूर

खडू ती साखरेच्या पाण्यात बुडवून लिहायची. वाटीत दोन चमचे साखर, वर थोडं पाणी, त्यात खडूचं टोक. "कोरडं अक्षर संध्याकाळपर्यंत टिकत नाही," म्हणायची. "आणि मी ज्यांची नावं लिहिते, ती टिकू नयेत असं वाटणारी माणसं इथं कमी नाहीत."

तुलसी नगरजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक चौकोन काळा रंगवलेला आहे. वर ऑइलपेंटनं कायमचं लिहिलंय, 'आज जन्मदिवस'. खाली मावशीचं राज्य: ज्याचा वाढदिवस, त्याचं नाव रोज खडूनं लिहायची ती. भोपाळच्या मराठी घरांत वाढलेल्या तुम्ही सगळ्यांनी हा फळा जाता-येता पाहिलाय आणि बहुतेकांनी वाचलेला नाही. मीही वाचला नव्हता.

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. राजधानी हलल्यावर वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथं आले तेव्हा ती तान्ही होती. पुढे तिनं सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत काढली. "जन्म झाला ना? मग तारीख असणारच," हे तिचं पालुपद. रांगेतला माणूस 'तारीख माहीत नाही' म्हणाला की ही विचारायची, थंडी होती की ऊन? दाई कोण होती? शेजारी कुणाचं लग्न? आणि तारीख खणून काढायची.

मंडळाचा कला महोत्सव दर जानेवारीत असतो. तीन दिवस, तीन थोर कलावंतांच्या जयंत्या. ज्यांची तारीख त्या आठवड्यात बसते ते थोर. दीप, हार, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, आणि वेळ उरलाच तर गाणं.

अशाच एका महोत्सवाच्या फाटकावर मी पत्रकं वाटत उभी होते. करोंदच्या मंडीतल्या हमालांना सावलीची शेड हवी, ही आमच्या संघटनेची मागणी. लोक पत्रक घेत होते आणि त्यावर भजी ठेवून खात होते. मावशीनं उभ्याउभ्या अख्खं वाचलं.

"भाषा चांगली आहे. चीड पण आहे. पण यात हमाल, हमाल आणि हमालच. एकाचंही नाव नाही?"

"नावांचा काय संबंध? प्रश्न सगळ्यांचा आहे."

"म्हणजे तू पण 'व सहकलाकार'च लिहितेस की!"

मला कळेना. तिनं माझा दंड धरून पोस्टरसमोर नेलं. मोठ्या अक्षरांत गायिका, त्याहून मोठ्या अक्षरांत पाहुणे आणि तळाला, मुंगीएवढं, 'व सहकलाकार'.

"सहकलाकार हे कुणाचं नाव आहे, सांग. आईनं पाळण्यात ठेवलं असेल का?"

मला राग आला. माझ्या पुढच्या पत्रकात मात्र अकरा हमालांची नावं होती, हे कबूल करते.

त्या 'सहकलाकारां'त जुन्या शहरातले सारंगीवाले चाचा होते. या मंचावर कित्येक गाणाऱ्यांच्या मागे ते बसले, कुणाचा घसा बसला तर त्याचं गाणं सारंगीवर उचलून धरलं, पण पोस्टरवर कधी आले नाहीत. मावशीनं ठरवलं, चाचांचा वाढदिवस महोत्सवात साजरा व्हायचा. ती मंडळाच्या सचिवांकडे गेली, साक्षीदार म्हणून मला घेऊन.

"मावशी, जिवंत माणसाची जयंती नसते," सचिव हसले.

"मग मरायची वाट बघायची का?"

"तसं नाही हो. तारखेचा पुरावा आणा. बघू."

चाचांच्या आधार कार्डावर एक जानेवारी. धाकट्या भावाच्या कार्डावरही एक जानेवारी. चाचीच्याही. मावशीनं तिन्ही कार्डं पत्त्यांसारखी हातात धरली. "एका घरात तिघं एकाच दिवशी? ही तारीख नाही, हा आळस आहे. चाचा, अम्मी क्या बताती थीं? गर्मी थी?"

"लू चल रही थी, बहनजी. अम्मी को दर्द उठा और उसी दम ख़ाला की बारात दरवाज़े पे. सब बोले, पहले दूल्हे को देखें के बच्चे को?"

मावशीचे डोळे चमकले. लग्न सापडलं! महिनाभर आम्ही त्या खालाच्या, चाचांच्या आईच्या बहिणीच्या, नातवाच्या मागे लागलो. शेवटी ट्रंकेच्या तळातून निकाहनामा निघाला, त्यावर तारीख होती. मे महिन्यातली.

सचिवांनी कागद उलटसुलट पाहिला. "उत्तम. पण आपला महोत्सव जानेवारीत असतो."

आपल्याकडे दार असं बंद करतात, तुम्हीही पाहिलं असेल. आधी पुरावा मागतात, तो आणला की ऋतू चुकीचा निघतो. मी भांडायला तोंड उघडलं. मावशीनं मला गप्प केलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग मेचा मेमध्ये करू."

सभागृहाची चावी मिळाली नाही. त्या दिवशी सकाळी सातलाच ऊन तापायला लागलं होतं. बंद फाटकासमोरच्या पायऱ्यांवर सतरंजी, फळ्यावर चाचांचं नाव, खाली 'सारंगी'. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून आले. फळा वाचला आणि हळूच म्हणाले, "बहनजी, हमें तो पता ही नहीं था के हम किस दिन के हैं." आणि वाजवायला बसले. तोडी वाजवली. दूधवाल्यानं मोटारसायकल बंद केली. अरेरा कॉलोनीतून फिरायला आलेल्या दोन बायका चपला काढून सतरंजीवर बसल्या. भाषण झालं नाही. भोपाळनं त्या वर्षी ऐकलेला सर्वांत चांगला महोत्सव तोच होता, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

परतताना मी विचारलं, "मावशी, तुमचा वाढदिवस कधी?"

"खिडकीपुढे एवढी रांग असायची गं," ती म्हणाली. "आपला नंबर लागलाच नाही."

त्याच पावसाळ्यात ती गेली. चार दिवसांचा ताप, बस.

पुढच्या जानेवारीत मंचावर फ्लेक्स लागला. मावशीचा फोटो, हार आणि जन्म, एक जुलै. मेल्यावर जयंती मिळते, हा नियम एकदाचा पूर्ण झाला होता; ऋतूचा नियम या वेळी कुणाला आठवला नाही. पण एक जुलै? शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या भोपाळला वाटलेली ती तारीख! जिनं जन्मभर लोकांच्या तारखा खणल्या, तिच्याच फोटोखाली आळस छापला होता.

मी तिच्या नागपूरच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. मावशीचेच प्रश्न विचारले. थंडी होती की ऊन?

"थंडी होती. तारीख कुठली आठवायला, बाळा! आई हळदीकुंकवाला निघाली होती, दारातूनच परत फिरली. वाणाच्या फण्या माझ्या हातात तशाच राहिल्या."

म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी. एवढ्यातला कुठलाही एक दिवस. ऐन महोत्सवाचे दिवस, आणि दर वर्षी ती याच दिवसांत दुसऱ्यांची नावं लिहीत फळ्यापाशी उभी.

तेव्हापासून दर वर्षी संक्रांत ते रथसप्तमी रोज सकाळी फळ्यावर मी तिचं नाव लिहिते. सचिव चिडतात.

"एका बाईचे इतके वाढदिवस?"

"पुरावा आणा. एक ठेवते."

ते कोरड्या फडक्यानं पुसतात. साखरेचं पाणी कोरड्या फडक्याला दाद देत नाही. आज सकाळी मी गेले तर खडू घासून काढलेला, फळा वरवर स्वच्छ होता, आणि जिथे तिचं नाव होतं तिथे, अक्षराच्या वळणावळणानं, मुंग्यांची रांग लागली होती.

मी वाटीत आणखी एक चमचा साखर घातली.