बांधाकडची भेग

परवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काळ्या मातीच्या वाळल्या ढेकळावर पाणी ओतलं आणि तापल्या रानाचा तोच वास आला. मी बारावीला होतो त्या वर्षी हिवाळ्यात माझी धाकटी बहीण तापानं गेली होती. आमच्यात जाळत नाहीत. तिला आमच्याच रानात, बांधाकडच्या लिंबाखाली पुरलं. चैत सरताना रान तडकलं, हात जाईल एवढाल्या भेगा पडल्या, आणि एक भेग नेमकी तिच्या अंगावरून गेली. तेव्हापासून आई रोज दिवस कलला की विहिरीवरून घागर भरून आणायची आणि त्या भेगेत धार धरायची. माझं वाचलेलं ताजं होतं. एकदा न राहवून म्हणालो, "आई, ह्या मातीत कागदाच्या चवडीसारखे बारीक थर असत्यात. थरांमधी पाणी शिरलं की माती फुगती, भेग बुजती. पण वाळली की परत फाटती. उद्या हितंच परत भेग पडल." ती ओल्या कडा तळव्यानं दाबत राहिली. "आत ऊन जातंय रं तिच्या डोळ्यावर," एवढंच म्हणाली. मग रिकामी घागर कमरेवर घेऊन उठली. "पडू दे भेग. उद्या म्या परत यीन." पाऊस लागेपर्यंत ती येत राहिली. आता तेच थर मी मुलांना शिकवतो. गेल्या साली आईलाही लेकीशेजारी ठेवलं, आणि यंदा लिंबाखाली दोन भेगा पडल्यात. तास संपला की मी गावाकडं गाडी काढतो. आईची घागर अजून विहिरीवर पालथी असते. एका घागरीत दोन्ही भेगा बुजत नाहीत. मला दुसरी खेप करावी लागते.