बिस्किटाच्या डब्यातला केर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर नवं घर झाडलं. ती झाडत होती आणि मी सुपली धरून उकिडवा बसलो होतो. तिचे गुडघे गेलेले, झाडून पुन्हा खाली बसणं तिला होत नव्हतं. सुपलीच्या तोंडाशी धुळीची एक बारीक रेघ उरते बघा, काही केल्या आत जात नाही. ती उरली की ही म्हणायची, "सरका मागं." मी सुपली जरा मागं ओढायचो. परत रेघ. परत "सरका मागं." असं करत उंबऱ्यापर्यंत गेलो.

मग तिनं तो केर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ओतला आणि झाकण दाबलं.

"अगं, इथं कोण सोनं आटवतंय? फेक की बाहेर."

"हात होत नाही माझा," ती म्हणाली. "तुम्हीच लावलेली खोड. आता काढा तुम्हीच."

खरं होतं. आम्ही खानापूरकडचे गलाईवाले. सोनारांकडचं जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं, हा धंदा. चेन्नईच्या सावकारपेठेत पुढं भट्टी आणि मागं भाड्याची एक खोली, तेवढ्यात सगळा संसार झाला. गलाईवाल्याच्या घरातला केर फेकत नाहीत. त्यात सोन्याचे कण असतात. वर्षभर डब्यात साठवायचा, मग जाळायचा, धुवायचा, आटवायचा. नवी नवरी होती तेव्हा हिनं केर गटारात टाकला आणि मी गल्ली जागी होईल असा ओरडलो. त्यानंतर तिनं चिमूटभर धूळ बाहेर टाकली नाही.

मग मुलानं वेलचेरीला हा फ्लॅट घेतला. तो पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमच्या घराण्यातलं चेन्नईतलं पहिलं स्वतःचं घर. तिला एकच हवं होतं, स्वयंपाकघराला खिडकी. मिळाली. उघडली की समोर पाण्याच्या टँकरचं बूड. नळाला खारं पाणी, त्यात डाळ शिजेना. बाहेरचं दार चौकटीत अडकायचं, खांदा लावून ढकलावं लागे. बिल्डरचा माणूस रोज म्हणायचा, उद्या येतो. इमारतीला पाटीसुद्धा नव्हती.

घर झाडलं त्याच दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. अँब्युलन्सवाला पाटी शोधत मागच्या रस्त्याला फिरत राहिला. मी खाली रस्त्यात उभा राहून हात हलवतोय. तो वर आला तोवर संपलं होतं. पाटी नंतर लागली. चांगली मोठी, सोनेरी अक्षरांची.

दिवसकार्य झालं, गावाकडची माणसं गेली. मुलानं कामाला एक बाई लावली. बाई चांगली, पण मला घरात कुणी वावरलेलं खपत नव्हतं. टँकरचा भोंगा खपत नव्हता, लिफ्टमधलं गाणं खपत नव्हतं. डबा स्वयंपाकघराच्या दारामागं होता. मी त्याला हात लावला नव्हता. पण तो तिथं आहे ना, हे येता-जाता बघत होतो.

एक दिवस बघतो तर डबा ओट्यावर पालथा. घासून लख्ख.

"यातलं कुठं गेलं?" मी तमिळमधून ओरडलो.

"कचरा होता, ऐया. खाली टाकला."

मी चप्पल न घालता खाली गेलो. कचऱ्याच्या मोठ्या पिंपात हात घातला. केळीची पानं, नारळाच्या शेंड्या, कुणाचं सांबार. वॉचमन पळत आला. इथं आमच्यासारखा बाहेरचा कुणीही दिसला की यांचा सेठ होतो.

"सेठ, काय पडलं?"

"केर."

तो हसला. मग त्याला आठवलं, मी सोन्याच्या धंद्यातला. त्याचं हसू गेलं. जवळ येऊन हळूच म्हणाला, "किती होतं?"

झालं. पहिल्या मजल्यावरची बाई खाली आली, सोसायटीचा सेक्रेटरी आला, ड्रायव्हर लोक आले. पिंप आडवं झालं. सगळे वाकून काड्यांनी उकरायला लागले. कामाची बाई रडत होती. "देवाशपथ ऐया, मी काही घेतलं नाही. माझी पिशवी बघा." तिनं पिशवी खरंच उलटी केली. त्यात एक फणी आणि सुपारी.

"सोनं नाही रे त्यात!" मी ओरडत होतो. जितका ओरडलो तितके ते जोरात उकरायला लागले.

सेक्रेटरीनं मुलाला फोन केला. तो ऑफिसातून आला, गळ्यात ते ओळखपत्र तसंच.

"आबा, लोक बघतायत. काय होतं डब्यात?"

"केर."

"मग नवीन केर रोज निघतो की, आबा!"

"तो तिनं झाडलेला होता," मी म्हणालो.

 तो बूट न काढता खाली बसला आणि त्यानंही उकरायला हात घातला. पण आता कशातून काय काढणार? जन्मभर मी मातीतून सोनं वेगळं केलं. हा केर त्या केरातून वेगळा होण्यातला नव्हता, हे मला पिंपात पहिला हात घातला तेव्हाच कळलं होतं. त्याला म्हटलं, "ऊठ. कपडे खराब होतील."

वर येऊन बाईला म्हटलं, चूक तुझी नाही, उद्या ये. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भांड्यांकडे पाठवलं आणि झाडू मी घेतला. खाली वॉचमन अजून पिंपाभोवती घुटमळत होता. सुपली धरायला कुणी नव्हतं, म्हणून पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली आणि आतल्या खोलीपासून झाडत आलो. रेघ उरली. सुपली पायानं मागं ओढली. परत उरली. परत ओढली. उंबऱ्याशी आल्यावर बाईला हाक मारली, "तो डबा आण इकडं."